एक शब्द, तीन कोश: ‘स्पॉन’चा अर्थ शोधताना कोणता कोश कुठवर साथ देतो

इंग्रजी कोशाची खरी परीक्षा सोप्या शब्दांवर होत नाही. त्यासाठी चार धंद्यांत चार अर्थांनी राबणारा शब्द घ्यावा लागतो. ‘स्पॉन’ (spawn) हा तसा शब्द आहे. मत्स्यबीज केंद्राच्या दरपत्रकात तो असतो, अळिंबीच्या (मशरूमच्या) बियाण्याच्या पिशवीवर असतो, संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये असतो आणि मोबाइलवर गेम खेळणाऱ्या पोरांच्या तोंडी तर दिवसभर असतो. सगळ्यांचे मूळ एकच, प्रजननाचे. तरीही मराठीत एकच प्रतिशब्द धरून बसलात, तर चारपैकी तीन ठिकाणी वाक्य कोसळते.

म्हणून फुकट मिळणारे तीन कोश या एकाच शब्दावर तपासले: एटिमऑनलाइन, मेरियम-वेबस्टर आणि इंग्रजी विक्शनरी. भाषांतर करणारे, कृषी किंवा मत्स्यशास्त्र शिकणारे आणि शेतीविषयक मजकूर लिहिणारे यांना डोळ्यांपुढे ठेवून हे परीक्षण केले आहे. निकाल आधीच सांगतो. व्युत्पत्तीत तिन्ही भरवशाचे आहेत. अर्थांच्या फोडीत मेरियम-वेबस्टर आणि विक्शनरी चांगले आहेत. पण भारतातल्या मत्स्यव्यवसायाचा प्रश्न आला की तिन्ही वाचकाला चुकीच्या वाटेला लावतात, आणि ती चूक थेट शेतकऱ्याच्या खिशाला लागते.

शब्द आला कुठून

व्युत्पत्तीसाठी पहिले दार एटिमऑनलाइनचे. डग्लस हार्पर यांनी उभारलेला हा कोश जाहिरातींसह फुकट आहे, मोबाइलवरही नीट चालतो. ‘स्पॉन’ टाकले की क्रियापद आणि नाम अशा दोन वेगळ्या नोंदी येतात. आधी क्रियापदाची वाचावी, कारण नाम त्यातून निघाले आहे. क्रियापद 1400 च्या सुमाराचे. इंग्लंडात नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर आलेल्या फ्रेंचमध्ये ‘एस्पाँद्र’ असे रूप होते. ओतणे, पसरणे, विखुरणे आणि माशांनी अंडी सोडणे, हे सगळे अर्थ त्या फ्रेंच शब्दातच होते. त्यामागे लॅटिन ‘एक्स्पांदेरे’: ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘पांदेरे’ म्हणजे पसरणे. मासा पाण्यात अंडी सोडतो तेव्हा ती चहूकडे पसरतात, ही शब्दामागची मूळ कल्पना. ‘जन्माला घालणे, निर्माण करणे’ हा लाक्षणिक अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीस, 1590 च्या दशकात लेखी सापडतो.

लॅटिन ‘एक्स्पांदेरे’ वाचताना ‘एक्स्पांड’ आठवला असेल, तर तो बरोबर आठवला. ‘एक्स्पांड’ आणि ‘स्पॉन’ ही एकाच घरची भावंडे आहेत. मराठी वाचकाला हे पटकन समजते, कारण तत्सम आणि तद्भव ही जोडी आपल्या रोजच्या वापरातली. ‘क्षेत्र’ संस्कृतातून जसेच्या तसे आले आणि ‘शेत’ लोकांच्या तोंडी झिजत आले. तसाच ‘एक्स्पांड’ लॅटिनमधून थेट उचललेला आणि ‘स्पॉन’ फ्रेंच बोलणाऱ्यांच्या तोंडी झिजलेला.

झीज कुठे झाली तेही पाहण्यासारखे आहे. ‘एस्पाँद्र’मधला सुरुवातीचा ‘ए’ गळाला आणि शेवटचा ‘द्र’ही गेला. सुरुवातीचा स्वर गळणे इंग्रजीत पुष्कळदा घडले. ‘एस्टेट’चा ‘स्टेट’ झाला, ‘एस्क्वायर’चा ‘स्क्वायर’. आपल्याकडे ‘अरण्य’चे ‘रान’ झाले आणि ‘अरघट्ट’चा ‘रहाट’, तोच प्रकार. शिकवणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी मांडावीत. विद्यार्थ्याला ध्वनिबदल पाठ करावा लागत नाही, तो दिसतो.

एटिमऑनलाइनची सर्वांत मोठी सोय पुढे आहे. नोंदीतल्या मूळ धातूवर बोट ठेवले की त्या धातूपासून निघालेल्या सगळ्या इंग्रजी शब्दांची यादी उघडते. ‘पसरणे’ अर्थाच्या या इंडो-युरोपीय धातूच्या यादीत ‘स्पॉन’च्या जोडीला ‘पेटंट’, ‘पेटल’, ‘पेस’ आणि ‘फॅदम’ आहेत. ‘फॅदम’वर थांबावे. समुद्राची खोली मोजायचे हे इंग्रजी माप म्हणजे दोन्ही हात फैलावले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर, सहा फूट. आपला कोळी दोर पाण्यात सोडून ‘वाव’ मोजतो, तेही फैलावलेल्या हातांचेच माप. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही, पण माप एकच आणि ते घ्यायची रीतही एकच.

इथे एक सावधगिरी हवी. ‘स्पॉन’चा मूळ अर्थ ‘पसरणे’ आहे हे वाचले की मराठी माणसाला ‘पसरणे’ आणि ‘स्पॉन’ यांत ‘प’ आणि ‘स’ दिसतात आणि नाते जुळवायचा मोह होतो. ते नाते नाही. आपले ‘पसरणे’ हे ‘प्र’ उपसर्ग आणि ‘सृ’ धातूपासूनचे, लॅटिन ‘पांदेरे’शी त्याचा काही संबंध नाही. तसेच ‘पॉन’शीही नाही. बुद्धिबळातले प्यादे म्हणजे ‘पॉन’ आणि गहाण ठेवणे म्हणजे ‘पॉन’, या दोहोंचा ‘स्पॉन’शी निव्वळ ध्वनीचा योगायोग आहे.

या कोशातल्या तारखा कशा वाचायच्या, हे पुष्कळांना माहीत नसते. शब्दापुढचे साल त्याच्या जन्माचे नसते. आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना लेखी पुरावा त्या सालचा, एवढेच त्यातून कळते. बोलण्यात शब्द आधीपासून असणारच. ‘1400 च्या सुमारास’ असे एटिमऑनलाइन म्हणतो आणि मेरियम-वेबस्टर ‘पंधरावे शतक’ म्हणतो, तेव्हा ते भांडत नसतात. दोघे एकाच काठावर उभे आहेत. लेखात उद्धृत करताना ‘1400 साली हा शब्द तयार झाला’ असे लिहू नये. ‘1400 च्या सुमारास लेखी आढळतो’ असे लिहावे. धातूच्या डोक्यावरचा तारा दिसला तर तो धातू तुलनेने बांधलेला आहे, प्रत्यक्ष कुठे लिहिलेला सापडलेला नाही, हेही लक्षात ठेवावे.

एटिमऑनलाइनकडून आजचा अर्थ मागू नये. व्युत्पत्ती म्हणजे व्याख्या नव्हे, हे त्या कोशाने स्वतःच आपल्या पहिल्या पानावर बजावले आहे. सहाशे वर्षांपूर्वी शब्दाचा अर्थ काय होता हे तो सांगतो. तेवढे काम तो चोख करतो.

अर्थांची फोड

आजच्या अर्थासाठी मेरियम-वेबस्टर उघडावा. पान जाहिरातींनी भरलेले असते, पण क्रियापदाचे सकर्मक आणि अकर्मक वापर इथे नीट वेगळे केले आहेत. मासा स्वतः अंडी सोडतो तो एक वापर. माणूस माशाला अंडी सोडायला लावतो तो दुसरा. अळिंबीच्या वाफ्यात स्पॉन पेरणे हा तिसरा. भाषांतरात या तिघांचे कर्ते वेगळे असतात, आणि ते वेगळे काढले नाहीत की ‘शेतकऱ्याने अंडी घातली’ असली वाक्ये छापून येतात. विक्शनरीतही हे तिन्ही वापर आहेत, शिवाय संगणकी खेळातला नवा अर्थही स्वतंत्रपणे दिला आहे.

विक्शनरी मोबाइलवर उघडताना थोडे सांभाळावे. एकाच पानावर अनेक भाषांतले सारख्या स्पेलिंगचे शब्द येतात. आधी इंग्रजीचा विभाग उघडावा, मग व्युत्पत्ती, मग क्रियापद आणि नाम. हा कोश कोणीही दुरुस्त करू शकतो. म्हणून व्युत्पत्ती इथे वाचली तर एटिमऑनलाइनशी पडताळावी. दोन्हीकडे मधल्या फ्रेंच पायऱ्या जुळल्या तर पुढे जावे. ‘स्पॉन’च्या बाबतीत त्या जुळतात. विक्शनरीचा खास फायदा असा की लॅटिन ‘एक्स्पांदेरे’चे स्वतंत्र पान उघडून त्या शब्दाची इतर भाषांतली वंशावळ पाहता येते. आजच्या फ्रेंचमधला ‘एपांद्र’ तिथे भेटतो. शेतात खत पसरणे म्हणजे ‘एपांद्र’. अंड्यांचा अर्थ इंग्रजीत ठळक झाला आणि खताचा फ्रेंचमध्ये राहिला.

‘अंडी सोडणे’ हा अर्थ पुरेसा आहे का? बहुतेक वेळा नाही. ‘स्पॉनिंग’मध्ये मादी अंडी सोडते आणि नर वीर्य सोडतो, आणि बऱ्याच जलचरांत फलन बाहेर पाण्यात होते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर पौर्णिमेनंतरच्या रात्री प्रवाळ एकाच वेळी अंडी आणि शुक्रपेशी पाण्यात सोडतात. त्याला ‘सामूहिक अंडी घालणे’ म्हटले तर अर्धी घटना गाळली जाते. ‘बीज सोडणे’ किंवा ‘सामूहिक प्रजनन’ म्हणावे. एखाद्या नदीतला ‘स्पॉनिंग सीझन’ असेल तर मराठीत ‘विणीचा हंगाम’ हा तयार शब्द आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी जी 61 दिवसांची मासेमारीबंदी असते, तिची कारणे सांगताना हाच शब्द वापरतात, आणि तो मच्छीमारालाही कळतो.

‘स्पॉनिंग रन’ हा शब्द आला की तिन्ही कोश गप्प बसवतात, कारण त्यातून ‘प्रजननासाठीचे स्थलांतर’ असले काहीतरी लांबलचक हाती लागते. कोकणाकडे त्यासाठी कधीचा शब्द आहे. पहिला जोराचा पाऊस पडला, ओढे-नाले फुगले की गोड्या पाण्यातले अंड्यांवर आलेले मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, भातखाचरांपर्यंत येतात. सिंधुदुर्गात ते ‘चढणीचे मासे’, रायगड-ठाण्याकडे ‘वलगणीचे मासे’. ‘सामन’ (सॅल्मन) माशाच्या लेखात ‘चढण’ हा शब्द वापरला तर कोणाला तळटीप लागत नाही.

आणि ‘गाबोळी’? तिचा मोह टाळावा. ‘गाबोळी’ म्हणजे माशाच्या पोटातली अंड्यांची पिशवी. तिला इंग्रजीत ‘रो’ म्हणतात. ‘गाभ’ हा ‘गर्भ’चाच तद्भव, म्हणजे शब्दातच ‘पोटातली’ हे आहे. ‘स्पॉन’ ही बाहेर पाण्यात पसरलेली. ती तव्यावर येत नाही. बेडकाचा ‘फ्रॉगस्पॉन’ म्हणजे डबक्यात तरंगणारा जेलीसारखा पुंजका, त्याला ‘बेडकाच्या अंड्यांचा पुंजका’ एवढे साधे म्हटले की पुरते.

जिथे तिन्ही कोश चुकीच्या वाटेला लावतात

आता मुख्य तक्रार. इंग्रजी कोशांत नाम म्हणून ‘स्पॉन’ म्हणजे माशांची अंडी. भारतातल्या मत्स्यव्यवसायात ‘स्पॉन’ म्हणजे अंडी नव्हेतच. अंड्यातून बाहेर पडून, पोटाखालची बलकाची पिशवी जिरवून, स्वतः अन्न शोधायला लागलेले तीन-चार दिवसांचे पिल्लू म्हणजे ‘स्पॉन’. महाराष्ट्रात त्याला ‘मत्स्यजिरे’ म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे, कारण चहाच्या गाळणीत धरलेला तो घोळका खरोखर ओल्या जिऱ्यासारखा दिसतो. लांबी साधारण 6 ते 8 मिलिमीटर. त्यापुढची अवस्था ‘फ्राय’, म्हणजे ‘मत्स्यबीज’, साधारण 25 मिलिमीटर. त्यापुढे अर्धबोटुकली, आणि 50 मिलिमीटरच्या वर ‘फिंगरलिंग’ म्हणजे ‘बोटुकली’, बोटाएवढी. ‘मत्स्यबीज’ हा शब्द कधी या एका अवस्थेसाठी आणि कधी सगळ्या अवस्थांसाठी मिळून वापरतात. त्यामुळे मजकुरात कुठे कोणता अर्थ आहे ते लांबीवरून ओळखावे.

चूक कशी घडते ते एका ओळीत पाहता येते. दरपत्रकात लिहिलेले असते: ‘रोहू स्पॉन, 1 लाख’. कोश उघडून कोणी त्याचे मराठी केले, ‘रोहूची 1 लाख अंडी’. आता वाचणारा शेतकरी उबवणीची सोय शोधणार. वास्तविक उबवण केंद्रावरच झालेली असते. चायनीज हॅचरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोल टाकीत पाणी फिरते राहते, अंडी तळाशी बसत नाहीत, आणि 27 ते 31 अंश तापमानाला 14 ते 18 तासांत पिल्ले बाहेर पडतात. पुढचे सुमारे 72 तास ती बलकावर जगतात. त्यानंतरच ती ‘स्पॉन’ म्हणून मापाने मोजून विकली जातात. एका लहान जाळीदार मापात किती पिल्ले बसतात ते एकदा मोजून घ्यायचे आणि मग मापे मोजायची. पॉलिथिनच्या पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन भरून तोंड बांधतात.

‘अंडी’ आणि ‘जिरे’ यांतला फरक तळ्यावर पोचल्यावर आणखी महाग पडतो. जिरे थेट मोठ्या तलावात सोडले की मोठे मासे आणि पाणकिडे ते फस्त करतात. ते आधी संगोपन तळ्यात सोडायचे असतात. नको असलेले मासे मारण्यासाठी मोहाची पेंड हेक्टरी सुमारे 2,500 किलो टाकून दोन-तीन आठवडे थांबायचे, मग खत घालून पाण्यात सूक्ष्म प्राणी वाढू द्यायचे, आणि जिरे सोडायच्या आदल्या दिवशी साबण-तेलाचे मिश्रण पसरून हवेसाठी वर येणारे पाणकिडे मारायचे. इतके करूनही जिऱ्यापासून मत्स्यबीज होईपर्यंत 30 ते 40 टक्के जगली तर काम चांगले झाले असे मानतात. बीजापासून बोटुकलीपर्यंत त्यातली 60 ते 70 टक्के. म्हणजे 1 लाख जिऱ्यांतून साधारण 18 ते 28 हजार बोटुकली. ‘1 लाख अंडी’ वाचून बसलेल्याचा हिशेब पहिल्याच पायरीला चुकतो, आणि ‘1 लाख मासे’ वाचलेल्याचा तर पुरताच.

म्हणून भारतीय मत्स्यव्यवसायाचा मजकूर असेल तर नियम असा धरावा: ‘स्पॉन’ नाम असेल आणि सोबत संख्या किंवा दर असेल, तर ‘मत्स्यजिरे’. क्रियापद असेल तर ‘बीज सोडणे’ किंवा ‘प्रजनन करणे’. ‘इंड्यूस्ड स्पॉनिंग’ असेल तर ‘प्रेरित प्रजनन’, म्हणजे संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन मादीला बीज सोडायला लावणे. तिन्ही कोशांत जिऱ्यांचा अर्थ स्वतंत्रपणे नोंदलेला नाही. आपल्या देशात लाखो-कोटींनी मोजला जाणारा अर्थ इंग्रजीच्या थोर कोशांत नसावा, याची खंत वाटते.

अळिंबीचे पाकीट

अळिंबीच्या बाबतीत कोश जास्त उपयोगी आहेत, पण मेरियम-वेबस्टरची व्याख्या काळाच्या मागे आहे. अळिंबीची लागवड करण्यासाठी मुद्दाम तयार केलेले कवकजाल, म्हणजे बुरशीच्या धाग्यांचे जाळे, ‘जसे विटांच्या रूपात’, अशा आशयाची ती व्याख्या आहे. विटा खोट्या नाहीत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात घोड्याची लीद, शेण आणि माती मळून विटा थापत, त्यांत कवकजाल वाढवत, आणि अक्रोडाएवढे तुकडे करून वाफ्यात पुरत. पण 1932 मध्ये अमेरिकेत जेम्स सिंडेन यांनी धान्यावर स्पॉन वाढवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि त्यानंतर विटा मागे पडल्या. आज महाराष्ट्रात धिंगरीसाठी (ऑयस्टर मशरूमसाठी) मिळते ते गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेले स्पॉन. व्याख्या वाचून विटा शोधणाऱ्याला बाजारात काहीच मिळणार नाही. विक्शनरीची व्याख्या, लागवडीसाठी तयार केलेले कवकजाल, इतकीच आहे. ती आजही बसते.

मराठी मजकुरात इथे वेगळी चूक दिसते. ‘स्पॉन’चे ‘बीजाणू’ केले जाते. बीजाणू म्हणजे ‘स्पोअर’, अळिंबीच्या छत्रीखालून झडणारी डोळ्यांना न दिसणारी पूड. पाकिटात ती नसते. पाकिटात असतात अर्धवट शिजवलेले, जिप्सम आणि कॅल्शियम कार्बोनेट चोळून मोकळे केलेले, दाबाखाली निर्जंतुक केलेले आणि मग पांढऱ्या धाग्यांनी वेढलेले दाणे. कृषी महाविद्यालयांत आणि शेतकऱ्यांत ‘स्पॉन’ हाच शब्द रुळला आहे, सोबत ‘अळिंबीचे बियाणे’ही चालते. ‘बीजाणू’ मात्र टाळावा, कारण ‘बीजाणू पेरा’ वाचणारा माणूस दाणे फेकून देऊन पूड शोधू लागतो.

चांगले पाकीट ओळखायची रीत सोपी आहे. प्रत्येक दाणा पांढऱ्या रेशमी धाग्यांनी झाकलेला असावा. हिरवा किंवा काळा ठिपका दिसला तर बुरशीची लागण आहे, तो भाग काढून उरलेले वापरू नये, अख्खे पाकीट बाजूला करावे. आंबूस वास येत असेल तर जिवाणू शिरले आहेत. पेरायच्या आधी पाकीट बाहेरून चोळून दाणे सुटे करावेत. धिंगरीसाठी ओल्या काडाच्या वजनाच्या 2 ते 3 टक्के स्पॉन लागते, म्हणजे 100 किलो ओल्या काडाला 2 ते 3 किलो. ते थरांत पसरतात. प्रत्येक दाणा हे एक स्वतंत्र केंद्र असते, तिथून धागे चहूकडे जातात, म्हणून गोळे राहिले की मधले काड रिकामे राहते आणि त्यावर हिरवी बुरशी आधी पोचते. ‘एक्स्पांदेरे’चा मूळ अर्थ इथे डोळ्यांपुढे घडतो.

शिवी, संगणक आणि खेळ

माणसांबद्दल वापरला की ‘स्पॉन’ तुच्छतेचा शब्द होतो. मासा हजारोंनी पिल्ले सोडतो, त्यातून ‘कुठून कुठून निघालेली ही पैदास’ असा सूर येतो. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, ‘पिलावळ’. ‘अपत्य’ लिहिले तर शिवीचे कौतुक होते. उलट वर्तमानपत्री इंग्रजीत एका घटनेने दुसऱ्या अनेक गोष्टी ‘स्पॉन’ केल्या असे वाक्य असेल, तर तिथे तिरस्कार असतोच असे नाही. ‘त्यातून अनेक नव्या संस्था उभ्या राहिल्या’ असे सरळ लिहावे. कोणता सूर आहे ते कोशातली उदाहरणे वाचूनच ठरते, व्याख्येवरून ठरत नाही.

संगणकात ‘स्पॉन’ म्हणजे एका चालू प्रक्रियेने दुसरी नवी प्रक्रिया सुरू करणे. ‘फोर्क’शी त्याची गल्लत होते. ‘फोर्क’मध्ये प्रक्रिया स्वतःचीच प्रत काढते, ‘स्पॉन’मध्ये नवी कोरी सुरू होते. पायथन भाषेत मॅकवर 3.8 आवृत्तीपासून ‘स्पॉन’ हीच मूळ निवड आहे, म्हणून मूळ प्रक्रियेत भरलेली माहिती नव्या प्रक्रियेत आपोआप मिळत नाही आणि नवशिके तिथे अडतात. हा फरक सामान्य कोशांकडून कळणार नाही, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षाही नको. मराठीत लिहिताना ‘नवी प्रक्रिया सुरू करणे’ पुरते.

खेळात मात्र प्रजनन पुरते नाहीसे झाले आहे. खेळाडू ठरल्या जागी अचानक उभा राहतो, तो ‘स्पॉन’ झाला. मेल्यावर पुन्हा उभा राहिला की ‘रिस्पॉन’. लिहिण्यात ‘अवतरणे’ छान बसते. विक्शनरीने हा अर्थ सकर्मक आणि अकर्मक दोन्ही प्रकारे दिला आहे, त्याबद्दल तिला पूर्ण गुण.

उलट बाजूने तपासताना

मराठी शब्द सुचल्यावर तो खरोखर त्या अर्थाचा आहे का, हे पाहायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडावा. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट आहे, आणि इंग्रजी शब्द घालून पूर्ण मजकुरात शोधही घेता येतो. ‘वाव’, ‘वीण’, ‘गाभ’ असल्या जुन्या शब्दांसाठी त्याच्याइतका आधार दुसरा नाही. पण त्याची दुसरी आवृत्ती 1857 ची आहे. रोहूसारख्या भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन ओडिशात अंगुल इथे 10 जुलै 1957 रोजी यशस्वी झाले, हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांच्या हातून. म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी. ‘मत्स्यजिरे’चा आजचा अर्थ त्या कोशात शोधत बसू नये. त्यासाठी मत्स्यव्यवसाय विभागाची पुस्तिका किंवा जवळच्या मत्स्यबीज केंद्राचे दरपत्रक घ्यावे, आणि शब्दाशेजारी वय, लांबी आणि मोजण्याचे एकक या तीन गोष्टी पाहाव्यात. तीन-चार दिवस, 8 मिलिमीटरपर्यंत, लाखाने मोजलेले असेल तर ते जिरे. अळिंबीसाठी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पाचा मराठी मजकूर पाहावा. तिथले शब्द शेतकऱ्यांच्या हातून रोज तपासले जातात.